सहावा जायबंदी

"आपल्या कॉलेजात एका वेळी पाचांपेक्षा जास्त खेळाडू कधीच जायबंदी झालेले नाहीत. याला म्हणतात शिस्त!" अलाबामातल्या ऑगस्टच्या उन्हात कोच बर्डेट अमेरिकन फुटबॉलच्या ऐंशी खेळाडूंसमोर गरजले.

विधान शंभर टक्के खरं होतं. जायबंदी खेळाडूने सरावाला लाल जर्सी घालायची, म्हणजे त्याला कुणी धडकत नाही. आणि कोठीत लाल जर्स्या पाचच होत्या. सहावा पडला की आपोआप बरा होई.

याची नोंद ठेवायची ती लोरेटा पिकन्सने. संघाची दुखणीखुपणी बघण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. रोज प्रत्येक नावापुढे एक खूण करायची: पूर्ण सराव, अर्धा सराव, किंवा बाहेर. एकेका खुणेसाठी भाजीबाजारासारखी घासाघीस चाले. घोटा टम्म सुजलेला मुलगासुद्धा "बूट आखडलाय, मिस लोरेटा" म्हणून लंगडत पळे.

आज सहावा पडला तो टेव्हियन क्राउल. धडक बसली, तो उठला आणि शांतपणे सरावात समोर प्रतिस्पर्धी म्हणून उभ्या केलेल्या गटाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. सगळे हसले. लोरेटा हसली नाही. तिने त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि काखेत मारलं. अशा डोक्याला त्याच दिवशी दुसरी धडक बसलेला एक मुलगा तिने पाहिला होता. त्याच्या शर्टाची बटणं अजून त्याची आई लावते.

"हेल्मेट दे त्याला," कोच तरातरा आले. "शनिवारी सामना आहे."

"डोक्याला मार लागलाय. मी 'बाहेर' लिहितेय."

"अगं, तो दोन पायांवर उभा आहे! 'पूर्ण' लिही."

"बाभळीचं झाडही उभंच असतं, कोच."

कोचनी हेल्मेटला हात घातला. तिने सोडलं नाही.

"टेव्हियन, बाळा, डिसेंबरपासून उलटे महिने म्हण."

"मी ठणठणीत आहे, मिस लोरेटा. डिसेंबर, नोव्हेंबर..." त्याने तिच्याकडे काकुळतीने पाहिलं. "...नोव्हेंबर."

"मला कुणाला महिने शिकवायचे नाहीत!" कोच कडाडले. "चार वर्षं घाम गाळलाय पोराने! हा निर्णय त्याचा आहे! बोल, टेव्हियन! तुला खेळायचंय की नाही? सांग सगळ्यांसमोर, ठणकावून!"

टेव्हियनने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि गवतात बसकण मारली.

"कोच," तो पुटपुटला, "जरा हळू बोलता का?"