काटा सांभाळजो

भागचंदशेठची गाडी वाशीमला आली तेव्हा लोक गाडी बघायला आले नव्हते, काटा बघायला आले होते. गाड्यांचं गावाला अप्रूप नव्हतं. डॉक्टरांची होती, जिनवाल्यांच्या होत्या, निवडणूक आली की पुढाऱ्यांच्याही धुरळा उडवत यायच्या. पण ही गाडी दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीची, लिलावात घेतलेली, आणि वेगाच्या तबकडीशेजारी तिला आणखी एक छोटी तबकडी होती. तिच्यात तीन पट्टे होते, हिरवा, पिवळा आणि लाल. गाडी बेताने पेट्रोल पीत असली की काटा हिरव्यात राहायचा, ढोसायला लागली की लालमध्ये जायचा. आणि हे सगळं त्याच घटकेला, डोळ्यांदेखत. पेट्रोलचे भाव भडकल्यापासून भल्याभल्यांनी आपल्या गाड्या ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या होत्या. इथे तर गाडी स्वतःच मालकाला सांगत होती, की आता हात आवर. शेठच्या कौतुकाला पारावार उरला नाही.

या काट्यापायी पहिल्याच महिन्यात सोमलाची नोकरी गेली. सोमला मानोऱ्याकडच्या तांड्यातला. हात सफाईचा, पण गाडी बुंगाट न्यायची खोड. शेठने त्याला दिवाणखान्यात न बोलावता ओट्यावरूनच घरी पाठवलं, आणि त्या साली तो बायकापोरांसकट ऊसतोडीला गेला. त्याच्या जागी आला शेषराव. शेषरावचा बाप उकंडराव जिनात कापसाचे बोजे वाहून वाकला होता. दर महिन्याला ठरल्या दिवशी पगार मिळणारा शेषराव हा त्या घरातला पहिला माणूस. सोमलाचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं, त्यामुळे तो रस्त्याकडे जितकं बघायचा त्याहून जास्त त्या काट्याकडे बघायचा.

खरं सांगायचं तर त्या काट्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं. गाडी बंद केली की तो निमूट खाली पडायचा आणि झालेलं सगळं विसरायचा. पण एकदा शेषराव एकटाच मानोऱ्याला माल पोचवून आला, तेव्हा शेठने खिडकीतून आत डोकावून तबकडीकडे पाहिलं आणि म्हटलं, "चढावर लाल केला होता ना रे?"

केला होता. शेषरावच्या पायाखालची वाळू सरकली. त्या चढावर कुठल्याही गाडीचा काटा लालमध्ये गेलाच असता. शेठने नुसता खडा टाकून पाहिला होता. तो बरोबर लागला, म्हणून शेठ मिशीत हसले आणि वर म्हणाले, "आत सगळं उमटते, बेटा."

शेषरावला ते पटलं, आणि का पटू नये? विजेचा मीटरवाला महिन्यातून एकदा येतो आणि महिनाभर दिवा किती जळाला ते त्याला कळतंच की. तशातलंच हे. शेठनेही पुढे कधी त्याचा गैरसमज दूर केला नाही. स्वस्तात पडत होता तो गैरसमज.

दोन-तीन वर्षांत शेषरावचा पाय असा काही तयार झाला, की काटा हिरव्यातून हलेना. चौकात लोक चेष्टा करायचे, "शेषराव, गाडी चालवून राह्यला का पोर झोपवून राह्यला?" तोही हसायचा. घरी बायकोला, पंचफुलेला, मोठ्या फुशारकीने सांगायचा, की आज रिसोडला जाऊन आलो, काटा एकदा बी पिवळा नाई झाला. तिला त्यातलं काही कळायचं नाही. नवरा खूश आहे एवढं कळायचं, म्हणून तीही खूश व्हायची.

पहिलं बाळंतपण म्हणून ती केनवडला आईकडे गेली. माघ महिना सरत आला होता. एका सकाळी येष्टीचा कंडक्टर स्टँडवरून शोधत शेषरावकडे आला. "तुह्या सासूनं सांगतलं, पंचफुलेले कालपासून कळा हायेत. लेकरू आडवं हाये. सुईणीनं हात टेकले. मोटर घेऊन ये म्हणे."

शेषराव तसाच दुकानात गेला. शेठ गादीवर बसून गिऱ्हाईकाशी बोलत होते. आजवर त्याने स्वतःसाठी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्याने गाडी मागितली.

"अरे, विचारतो काय? जाय लवकर," शेठ म्हणाले. आणि सवयीने, जसा एखादा निघणाऱ्याला जपून जा म्हणतो तसं, पुढे म्हणाले, "काटा सांभाळजो."

म्हणून ते पुन्हा गिऱ्हाईकाकडे वळले. शेठ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

शेषराव केनवडला निघाला, काटा हिरव्यात ठेवून. रस्ता मोकळा होता. गाडीत तो एकटाच. ज्वारीच्या गाड्या तेवढ्या मधूनमधून आडव्या येत होत्या. त्याचा जीव टांगणीला लागला होता आणि पाय मात्र रोजच्यासारखाच हलका पडत होता. निरोप आणणारी ती येष्टी परतीच्या फेरीला निघाली होती. तिने हॉर्न वाजवून त्याला मागे टाकलं. कंडक्टरने खिडकीतून मान काढून पाहिलं. शेषरावला वाटलं, जाऊ दे, येताना भरपाई करू. पण काटा उमटवून ठेवतो हे तो एक क्षण विसरला नाही.

सासूने, भागिरथाबाईने, मागच्या सीटवर गोधडी अंथरली. शेठच्या गाडीच्या पांढऱ्या खोळी खराब व्हायला नकोत, हे तिलाही अशा वेळी सुचलं. गरिबाला असंच सुचतं. पंचफुलेचा चेहरा उतरून मातकट झाला होता. तरी नवऱ्याला बघून तिने पदर सारखा केला.

भागिरथाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. काही कोस गेल्यावर पंचफुला म्हणाली, "जोरात घ्या ना जी."

"घेऊन राह्यलो."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग चढ लागला आणि एक कळ अशी आली, की ती किंचाळली. ती किंचाळी ऐकून शेषरावचा पाय त्याला न विचारताच रेसवर दाबला गेला. गाडी उसळली. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं इंजिन मोकळं होऊन हुंकारलं, दोन्ही बाजूंची बाभळीची झाडं मागे पळायला लागली. पंचफुलेने डोळे उघडले. आणि काटा लालमध्ये गेला.

शेषरावने तो पाहिला. त्याला ओट्यावरचे शेठ दिसले, सोमला दिसला, वाकलेला बाप दिसला. त्याने पाय काढला.

"काय झालं?" मागून तिने विचारलं.

"काई नाई. काटा."

काटा म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. त्याच्या तोंडून किती संध्याकाळी ऐकलं होतं. तिने गोधडीचं टोक दातात धरलं आणि पुन्हा जोरात घ्या म्हटलं नाही. शेवटपर्यंत म्हटलं नाही. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, मागून त्याच्या पाठीत बुक्की घातली असती तर बरं झालं असतं. ती त्याची नोकरी सांभाळत होती.

वाशीमच्या दवाखान्यात स्ट्रेचर आलं तेव्हा तिला शुद्ध नव्हती. नर्सने डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या, नाडी पाहिली आणि घाईत विचारलं, "बैलगाडीनं आणली का हो?"

"नाई बाई," भागिरथाबाई म्हणाली. "मोटरीनं."

नर्सने एकदा दारातल्या लांबलचक गाडीकडे पाहिलं. मग स्ट्रेचर आत ढकललं. डॉक्टरीणबाईंनी होतं नव्हतं ते सगळं केलं. लेकरू आधीच गेलेलं होतं. उन्हं कलायच्या आत पंचफुलाही गेली.

वस्तीतली माणसं जमली, त्रिशरण म्हटलं, मूठमाती दिली. शेषराव सगळ्यांमध्ये होता, सांगतील ते करत होता. रडू काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागचंदशेठ पायी वस्तीत आले. अंगणातल्या बाजेवर बसले. टोपी काढून मांडीवर धरली. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"गाडी तर होती रे," ते म्हणाले. "मंग उशीर कसा काय झाला?"

"काटा हिरव्यात ठेवला, शेठजी," शेषराव म्हणाला. रोज गाडी लावून आल्यावर सांगायचा तसाच. "एकडाव चढावर लाल झाला. लगेच पाय काढला. तेवढं एक उमटलं असंन."

 शेठ बाजेवरून उठले, पुन्हा बसले. "अरे येड्या... काई उमटत नाई त्याच्यात. गाडी बंद झाली का काटा खाली. मी तर अंदाजानं बोलत जाओ. गंमत होती रे ती." आणि मग आवाज चढवून, जणू सगळी चूक शेषरावचीच होती, "पळवाची होती ना गाडी! मी काय तुले खाल्लं असतं?"

 शेषरावला राग यायला हवा होता. आला असता तर त्याला धरून उभं तरी राहता आलं असतं. पण त्याला तो चढच आठवत होता. काट्यात काही उमटत नाही हे आधी कळलं असतं तर आपण रेस दिली असती का, हे तो मनाशी विचारत होता आणि त्याला हो म्हणवत नव्हतं. शेठ गाडीत नसतानाही तो त्यांच्या शेजारी बसल्यासारखाच गाडी चालवत आला होता.

शेठ उठले. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाच-सात दिवस बस घरी. मंग येजो. तुह्याशिवाय कोनाच्या हाती गाडी देत नाई मी."

ते गल्लीच्या वळणापर्यंत दिसत होते. दाराच्या चौकटीला टेकून बसलेल्या भागिरथाबाईने सगळं ऐकलं होतं. तिचा आवाज ओरडून ओरडून बसला होता.

"बावा," ती म्हणाली, "त्या चढावर गाडी एकडाव पळाली होती. माह्या पोरीनं डोये उघडले होते. तुमी पाय काहून काढला?"

"नोकरी जाईन वाटलं, मामी."

भागिरथाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत रागही नव्हता. नुसतं समजून घ्यायचं होतं तिला.

"राह्यली का मंग?"

"राह्यली," शेषराव म्हणाला.