संत्र्याच्या आठ काड्या

विमानतळ म्हणजे काहीतरी अवाढव्य असणार आणि आपण त्यात हरवणार, अशी धास्ती घेऊन मी गेलो. निघाला एकच हॉल. एका टोकाला सामान घेण्याचा काउंटर, मध्ये खुर्च्यांच्या चार रांगा, दुसऱ्या टोकाला काचेचं दार आणि दारापलीकडे उन्हात उभं असलेलं लहानसं विमान. पुतण्याला आत सोडेनात. तो बाहेरूनच म्हणाला, "काका, पाट्या वाचत जा. काही अडायचं नाही."

पाट्या वाचायला मला सांगावं लागत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलो, तेव्हापासून खताच्या पोत्यावरचा मजकूरसुद्धा मी सोडत नाही.

हातात कापडी पिशवी होती. तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, पानं खुडलेल्या संत्र्याच्या आठ काड्या. ते झाड आमच्या आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, लग्न होऊन जाण्याआधी लावलं होतं. रस्ता रुंद करायला परवा ते तोडलं. करवतवाले यायच्या तासभर आधी जाऊन मी काड्या काढून घेतल्या. म्हणजे त्या झाडाचं जगात आता एवढंच उरलेलं. तिकडे लांब, आक्काच्या सासरच्या अंगणात लिंबाची चार रोपं कलमासाठी तयार होती. काडीवरचा डोळा सालीसकट काढायचा, रोपाच्या सालीत बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. हे काम मी चाळीस वर्षं केलं. पण काडी अशी चार दिवसच तग धरते, आणि आजचा तिसरा दिवस. गाडीनं गेलो असतो तर दोन दिवस वाटेतच गेले असते. म्हणून पुतण्यानं विमानाचं तिकीट काढलं.

काउंटरवरच्या मुलीनं माझी पेटी घेतली, तिला चिठ्ठी बांधली आणि ढकलून दिली. "पिशवी जवळच ठेवणार?"

"हो बाई. तिच्यासाठीच तर मी चाललोय."

तपासणीच्या रांगेत उभा राहिलो. भिंतीवर मोठा फलक होता. माझ्यामागे एक आजी होत्या, त्यांचा चष्मा पेटीत गेला होता. म्हणाल्या, "काय लिहिलंय हो?"

मला तेवढंच हवं होतं. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "चाकू, कात्री, ब्लेड, सुई, आगपेटी. हे सोबत नेता येणार नाही."

"सुई आहे माझ्याकडे," आजी घाबरल्या.

"मग काढा आत्ताच. नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. त्यांनी पदराला टोचलेली सुई काढून फलकाखालच्या डब्यात टाकली. मी अगदी शाळामास्तरासारखी मान डोलावली.

माझी पाळी आली. मिशीवाल्या शिपायानं विचारलं, "खिशात काही? चाकू, ब्लेड?"

"काही नाही," मी म्हणालो. किल्ल्या काढल्या, चिल्लर काढली, चौकटीतून गेलो. चौकट ओरडली. परत गेलो, परत ओरडली. शिपायानं सदऱ्याखाली बंडीच्या खिशात हात घातला आणि माझा कलमाचा चाकू बाहेर काढला.

खोटं सांगतो असं कुणालाही वाटेल. पण सकाळी अंघोळ झाली की बंडी, आणि बंडीत चाकू. तो चाकू कलम शिकवणाऱ्या माझ्या उस्तादांनी मला दिला तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. पातं घासून घासून निम्मं राहिलंय. आपल्या अंगठ्याला कुणी सामान म्हणतं का?

"आजोबा, मघाशी पाटी तुम्हीच वाचून दाखवत होतात ना?" शिपाई म्हणाला.

मागून आजी म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम!" सगळी रांग हसली. मीही हसलो असतो, पण चाकू शिपायाच्या हातात होता.

"पेटीत टाकू द्या," मी म्हणालो.

"पेटी गेली विमानात. ती बघा." काचेतून दिसत होतं. विमानाच्या पोटाचं दार लागलं होतं.

"मग बाहेर जाऊन पुतण्याला देतो."

"तो आत्तापर्यंत गेला असेल. तुम्ही शोधायला जाणार आणि विमान निघून जाणार. पुढचं परवा."

परवा म्हणजे पाचवा दिवस. मी फडकं चाचपलं, अजून ओलं होतं. एका बाजूला चाळीस वर्षांची सवय आणि दुसऱ्या बाजूला आठ काड्या. ठरवायला फार वेळ लागला नाही, बोलायला मात्र लागला.

"टाका डब्यात," मी म्हणालो.

शिपायानं चाकू उघडला, मिटला, पण डब्यात टाकला नाही. त्यानं हाक मारली आणि काउंटरवरची तीच मुलगी आली. मला आधी वाटलं, तिची जुळी बहीण असेल. पण सामान घेणारी तीच, भोंग्यावर बोलणारी तीच, दाराशी तिकीट बघणारीही तीच.

"परत कधी येणार, आजोबा?"

"एकवीस दिवसांनी. कलमांची पट्टी सोडूनच निघेन."

"आमच्या कपाटात राहील. यावर नाव लिहा." तिनं पेटीला बांधतात तसली एक चिठ्ठी पुढे केली.

मी बाकावर बसून नाव लिहिलं. सावकाश लिहिलं. विमान भोंग्यावर पुकारायला ती तोवर थांबली होती, हे मला नंतर कळलं.

आक्काकडे पोचलो तेव्हा दुपार कलली होती. चाकूची हकिकत ऐकून ती म्हणाली, "लहानपणी पाटी-दप्तर शाळेत विसरून यायचास. आता कुठे शिकलास, तर लगेच सुरू!"

"शाळेत गेलो होतो का मी?"

"मग काय विसरायचास?"

"शेळ्या."

भाच्याच्या दाढीचं नवं पातं घेऊन कामाला बसलो. पातं पातळ, धरायला मूठ नाही. पहिले दोन डोळे फाटले. आक्का खुर्चीवर बसून काड्यांवर पाणी शिंपडत होती. तिसऱ्यापासून हात बसला. अंधार पडायच्या आत चारही रोपांवर तीन-तीन डोळे भरले.

एकविसाव्या दिवशी पट्ट्या सोडल्या. पाच डोळे काळे पडले होते. सात हिरवे होते. आक्कानं सातही स्वतः बोट लावून मोजले, मग परत पहिल्यापासून मोजले.

परतीला त्याच हॉलमध्ये उतरलो. मुलीनं कपाट उघडलं. माझ्या अक्षरातली चिठ्ठी मुठीला तशीच बांधलेली होती.

"कलम जगलं का?" तिनं विचारलं.

"चारही रोपांवर," मी म्हणालो आणि चाकू बंडीत ठेवायला गेलो.

तिकडून शिपाई ओरडला, "आजोबा, आता कितीही ठेवा! तुम्ही बाहेर चाललाय!"