एका दिवसाच्या खुर्च्या

आमचे मालक स्वतः कधी खोटं बोलत नाहीत. त्यासाठी त्यांनी आम्हा बावीस जणींना ठेवलंय.

तपासणीच्या आदल्या दिवशी जेवणाची सुट्टी संपली तरी त्यांनी मशीन चालू करू दिल्या नाहीत. नाकावर चष्मा, हातात कागद, आणि आमची उजळणी सुरू.

"पिण्याचं पाणी कसं असतं?"

"गार!"

"मागचं दार?"

"कायम उघडं!"

"आणि बसायला?"

"पाठीच्या खुर्च्या!"

हे आम्ही सगळ्या बिनपाठीच्या लाकडी स्टुलांवर बसून ओरडलो. कुणी हसलं नाही. हसायची उजळणी झाली नव्हती.

आमचे शर्ट एक मोठी कंपनी विकत घेते. शर्टाला ती एक चिठ्ठी अडकवते, 'समाधानी हातांनी शिवलेला'. आजकाल गिऱ्हाईक म्हणे विचारतं, शर्ट शिवणारी बाई सुखात आहे का? अगं बाई! लग्नाला चौदा वर्षं झाली, नवऱ्याने एकदा विचारलं नाही, आणि हे कोण कुठलं गिऱ्हाईक! पण विचारतं हे खरं. म्हणूनच कंपनीची बाई उद्या दुपारी दोनला स्वतः डोळ्यांनी बघायला येणार होती.

"खुर्च्या उद्या सकाळी येतील," मालक म्हणाले. "बसा, पण रेलून फार सुस्तावू नका. संध्याकाळी पाचला परत जायच्यात. स्टुलं मागच्या खोलीत रचून ठेवा, परवा लागतील."

माझ्या शेजारच्या मशीनवर माझी धाकटी जाऊ बसते. मी कॉलर लावते, ती बाह्या लावते. तिच्याइतक्या झरझर बाह्या लावणारी मी दुसरी पाहिली नाही. स्वभावाने अगदी साधी. पोटात काही म्हणता काही राहत नाही, आता सातवा महिना चालू आहे ते सोडून. डॉक्टरीणबाईंनी तिला ठणकावून सांगितलं होतं, पाठ टेकून बसायला मिळत असेल तर काम करा, नाहीतर घरी बसा. आणि आमच्याकडे घरी बसलेल्या बाईला तिची मशीन परत मिळत नाही. आजवर तिघींना मिळालेली नाही.

"मालक," मी म्हटलं, "एक खुर्ची ठेवून घ्या ना. हिच्यापुरती."

"आज एक ठेवली की उद्या बावीस मागाल."

"मागू की."

"कॉलरवाली, तुझी जीभ कात्रीत धरायला हवी," असं म्हणून ते निघाले, आणि दारातून परत वळले. खुर्च्या भाड्याने देणाऱ्याचं दुकान माझ्या घराच्या वाटेवर आहे. "जाताना त्याला सांग, सकाळी आठला आण, संध्याकाळी पाचला ने."

मी मान डोलावली. जाताना थांबून त्याला सांगितलं, सकाळी आठला आण, दुपारी तीनला ने. माझं डोकं अस्सं तापलं होतं की दोन तासांची चूक होणारच.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या आल्या. निळ्या, प्लास्टिकच्या, काही खास नव्हत्या. पण जाऊ बसली, मागे टेकली आणि तिने डोळेच मिटले. "ताई, हे तर झोपेपेक्षा बरं आहे," म्हणाली. मला वाईट वाटलं. इतक्याशा गोष्टीचं एवढं कौतुक करावं लागतं याची लाजही वाटली, आणि मग मालकांचा नव्याने राग आला.

तपासणीच्या मॅडम दोनला आल्या. पन्नाशीच्या, पायात सपाट चपला, हातात जाड वही. पाणी प्यायल्या, गार होतं. मागचं दार ढकललं, उघडलं. मालकांचा चेहरा खुलत चालला. मॅडम विचारतील त्याला आम्ही पाठ केलेली उत्तरं देत होतो, आणि माझी एक नजर घड्याळावर.

बरोबर तीनला खुर्चीवाला दारात. सोबत हातगाडी आणि दोन गडी.

"न्यायला आलोय हो!"

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमनी वहीतून मान वर केली. "काय न्यायला?"

मालकांनी तोंड उघडलं, पण स्वतः बोलायची सवयच नाही ना! तोंड नुसतंच उघडं राहिलं. मी उठले.

"स्टुलं, मॅडम," मी म्हटलं. "आमची जुनी स्टुलं. आता पाठीच्या खुर्च्या मिळाल्यात, मग ती अडगळ कशाला? मालक म्हणाले, काढून टाका."

"अहो, पण मी..." खुर्चीवाला बोलायला लागला.

"मागच्या खोलीत आहेत, भाऊ. सगळी बावीस. मालक, खरं ना?"

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की नजरेने शिवण उसवली असती. पण मॅडम बघत होत्या. मालकांनी मान डोलावली. मालकांनीच हो म्हटल्यावर खुर्चीवाल्याला काय? गडी आत गेले आणि एकेक स्टूल बाहेर काढून गाडीवर चढवायला लागले. ओळीत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं, मग बऱ्याच जणींना खोकला आला.

इथे मी खूश व्हायला आणि मॅडम जाऊपाशी थांबायला एकच गाठ पडली.

"तुम्ही सांगा, इथे बसायचा काही त्रास?"

उत्तर ठरलेलं होतं. 'नाही मॅडम, सगळं छान आहे.' लहान मुलालाही म्हणता आलं असतं. जाऊने मॅडमकडे पाहिलं, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता नाही. आज पहिल्यांदाच पाठ टेकली ना."

बाई गं, एवढं सगळं जुळवून आणलं आणि तू हे बोलावंस! मशीन एकदम थांबल्या. मालक घाईघाईने म्हणाले, "तिला म्हणायचंय, आज जरा जास्त..."

"कळलं मला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं. सगळ्या खुर्च्यांच्या पाठीवर भाड्याच्या दुकानाचा शिक्का होता, तो आम्हा कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. मग त्यांनी स्टुलांच्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कॉलरीत तोंड खुपसलं.

"थांबा," त्या गड्यांना म्हणाल्या. "एक स्टूल इकडे द्या. बाकीची न्या."

ते स्टूल त्यांनी मालकांच्या टेबलापाशी ठेवलं आणि मालकांची गुबगुबीत खुर्ची स्वतःकडे ओढली.

"बसा. अहवाल इथेच लिहिते. ओळन् ओळ तुमच्यासमोर, तुम्हाला विचारून. कंपनीची ऑर्डर हवी असेल तर शेवटपर्यंत उठायचं नाही."

"त्याला किती वेळ लागेल?"

"या मुलीची कामाची पाळी किती तासांची असते?"

मालक स्टुलावर बसले.

अर्ध्या तासात त्यांनी पाय बदलला. तासाभरात कोपर टेबलावर टेकवलं, तर मॅडम म्हणाल्या, "बाह्या लावताना कोपर टेकवता येतं का?" त्यांनी कोपर काढलं. दीड तासाने कमरेवर मागून हात गेला. घाम फुटला. मॅडम सावकाश लिहीत होत्या, मध्येच पेनाचं टोपण लावून विचार करत होत्या. आमच्या मशीन चालू होत्या, पण कुणाचं लक्ष टाक्यावर असेल तर शपथ. माझी तर एक कॉलर उलटी लागली.

खरं सांगते, मला फार मजा वाटत होती. जाऊला नाही. ती सारखी तिकडे बघत होती आणि तिचा चेहरा कसानुसा होत होता. शेवटी राहवेना, तशी ती हात टेकत उठली आणि मालकांच्या जवळ जाऊन वाकली. चिडवत नव्हती हो, अगदी मनापासून, हळू आवाजात म्हणाली,

"मालक, थोडं डाव्या बाजूवर भार टाका. चौथ्या तासाला कमरेत कळा येतात ना, तेव्हा तेवढंच बरं वाटतं."