माझ्यात जागा उरली नाही तेव्हा

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळमजल्यावर कुलूपबंद, थंडगार खोलीत सतत गुणगुणणारी एक लोखंडी पेटी आहे. ती मीच, इथला जुना सर्व्हर. शहरातल्या कोणत्या साठाघरात कोणत्या गटाचं रक्त आहे, ते मला तोंडपाठ असतं.

मी कामाला लागलो तेव्हा माझं कोण कौतुक! विचारायचा अवकाश, की उत्तर हजर. जो आपल्या संगणकाच्या पडद्यावर खिडकी उघडून माझ्याशी जोडला जाई, त्याला मी माझ्या मेमरीतली थोडी जागा देई. तो काही विचारो वा गप्प बसो, खिडकी बंद करेपर्यंत ती जागा त्याचीच.

गोम इथेच होती. पुन्हा परवलीचा शब्द टाकायचा कंटाळा, म्हणून काम झालं तरी कोणी खिडकी बंद करीना. "असू दे, लागेल," म्हणायचं आणि शेजारी नवी उघडायची. पुढे नव्यांना प्रवेश मिळेना, तेव्हा माझी देखभाल करणाऱ्या बाईंनी जोडण्यांची मर्यादा वाढवली. सगळे खूश झाले. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूण होतं तेवढंच राहिलं आणि पाय मात्र वाढले.

मग ती सकाळ आली. सगळे विभाग एकदम माझ्यावर तुटून पडले आणि माझी मेमरी भरली. मी सामान मेमरीतून संथ डिस्कवर हलवू लागलो, तसा मंदावलो. मी मंदावलो म्हणून लोकांनी आणखी खिडक्या उघडल्या. माझा जीव अक्षरशः कासावीस झाला. बाईंनाही माझ्यात शिरता येईना. जागा पुरती संपली असती, तर मी बंदच पडलो असतो, आणि सगळ्या नोंदी तपासून पुन्हा उठायला मला फार वेळ लागतो.

तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. रक्तपेढीतला तंत्रज्ञ बोलत होता. त्याला सगळे दादा म्हणत. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट दुर्मिळ, जवळचा साठा संपलेला, आणि तिची बहीण त्याच्या काचेपाशी उभी होती. एकेका साठाघराला फोन करून पिशव्या चाळायला वेळ नव्हता. ते उत्तर माझ्यापाशी होतं, पण त्याचा प्रश्नच माझ्यापर्यंत पोचत नव्हता. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

बाईंनी त्याला विचारलं, त्याच्याकडे किती खिडक्या उघड्या आहेत. तो घुटमळला. पेढीतल्या प्रत्येक संगणकावर ढीगभर होत्या.

"सगळ्या बंद करा, दादा."

"अहो, एकीत शोध चाललाय. ती बंद केली आणि परत आत येताच आलं नाही तर? इथे बाळंतिणीचा जीव जायची वेळ आलीय."

"तो शोध चालत नाहीये, नुसता अडकलाय. माझ्यावर विश्वास ठेवा."

त्याच्या जागी मी असतो तर माझं धाडस झालं असतं की नाही, सांगता येत नाही.

मग माझ्यातली एक जागा मोकळी झाली. पाठोपाठ दुसरी, तिसरी, आणि बघता बघता पेढीच्या साऱ्या जागा सुटल्या. मला श्वास घेता आला. दादाने एकच नवी खिडकी उघडली आणि तोच प्रश्न विचारला. नदीपलीकडच्या साठाघरात त्या गटाच्या पिशव्या होत्या. मी उत्तर दिलं, आणि गाडी निघाली.

संध्याकाळी दादा स्वतः खाली आला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. बाईंनी त्याला पाणी दिलं, ते त्याने एका दमात संपवलं. आता बाईंनी मर्यादा पुन्हा कमी केली आहे, आणि रिकामी बसलेली खिडकी मी आपणहून मिटतो. लोक कुरकुर करतात, करोत बापडे.

मित्रांनो, त्या दिवशी माझी जागा अडवणाऱ्यांत वाईट माणूस एकही नव्हता. पण काम झालं, की उठत जा. आपल्या मागे कोण ताटकळत उभं आहे, हे बसलेल्याला दिसत नाही.