कसरीने खाल्लेला अर्थ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझा पुठ्ठा सुटला आहे आणि पान उलटले की भुगा पडतो. तरी एके काळी माझाही थाट होता. इंग्रजीच्या एका मास्तरांनी मला पहिल्या पगारातून आणले आणि खाकी कागदाचे कव्हर घातले. "घरात शहाणा असा हाच एक," असे ते पाहुण्यांना सांगत आणि मी फुगून जाई.

पुढे त्यांनी मला धाकट्या भावाला देऊन टाकले. त्याचे तेलाचे दुकान होते. तिथे मी डब्यांमागच्या फळीवर पडलो. वर्षानुवर्षे मला कोणी उघडले नाही की झटकले नाही. मला कसर लागली. सांगायला लाज वाटते, पण माझ्यातले शब्द एकेक करून नाहीसे होत होते.

मग भावाभावांत बिनसले. भरल्या दुकानात मास्तर सहज म्हणाले, "तुझं तेल खवट लागतंय रे." तेलवाल्याला ते झोंबले. चार वर्षे बोलणे बंद.

एके दिवशी मास्तरांची चिठ्ठी आली. मास्तर रागवायचे मराठीत, पण माया करायची तर इंग्रजीत. मराठीत त्यांना अवघडल्यासारखे होई. ओळ एकच होती: 'कम सून, विदाउट रँकर.'

'लवकर ये' एवढे धाकट्याला कळले. रँकरसाठी त्याने मला खाली काढले. त्या शब्दाचा अर्थ कसरीने खाल्ला होता. उरली होती फक्त त्याची जन्मकथा: 'मूळ लॅटिन, तेलातुपाला येणारा खवट वास.'

"बघ," तो बायकोला म्हणाला. "दादा लिहितो, लवकर ये, पण खवट तेल आणू नकोस."

"अहो, आजारी आहेत ते. जाऊन तरी या."

"माझ्या तेलाला नावं ठेवतो. मी पाऊल टाकणार नाही तिथं."

मी त्याला कसा अडवणार? अर्थच माझ्याजवळ उरला नव्हता.

नवव्या दिवशी मास्तर गेले. पुढे पुतणी भेटायला आली, तेव्हा त्याने चिठ्ठी तिच्यापुढे टाकली. तिने ती दोनदा वाचली.

"काका, रँकर म्हणजे आकस. अढी न ठेवता ये, असं लिहिलंय बाबांनी. रोज दाराकडे बघायचे."

साठवलेले तेल खवट होते, तसा साठवलेला रागही. म्हणून त्या वासावरून हा शब्द आला. एवढेच मला सांगायचे होते.

आता धाकटा मला रोज पुसून ठेवतो. भोकाशेजारी त्याने पेन्सिलीने 'अढी' असे लिहिले आहे. मित्रांनो, पुस्तकांना ऊन दाखवत जा. आणि चिठ्ठीतला शब्द अडला, तर लिहिणाऱ्याकडेच जाऊन विचारा. तो असेपर्यंत जा.