शेवट न कापलेली कॅसेट

विटेएवढी काळी डबी आणि तिच्या पोटात गुंडाळलेली तपकिरी फीत, एवढंच माझं रूप. मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. पाठीवरच्या चिठ्ठीवर हरेशने हिरव्या शाईने लिहिलंय, 'यानवाली मुलगी, भाग दुसरा'. शहापूरच्या बाजारात त्याचं कॅसेटी भाड्याने द्यायचं दुकान होतं.

माझ्या फितीवर एका जपानी कार्टूनची गोष्ट आहे, आणि माझी आजी, म्हणजे मूळ कॅसेट, थेट जपानची. तिच्यातलं चित्र इतकं स्वच्छ, की गोष्टीतल्या अवकाशयानाचे खिळेसुद्धा मोजावेत. तिच्यावरून माझी आई उतरवली आणि आईवरून मी. दर वेळी उतरवताना थोडं तेज जातं. गोष्टीतली निळ्या केसांची मुलगी माझ्यापर्यंत येता येता जांभळ्या केसांची झाली. लाल यानाचा रंग कडेने ओघळल्यासारखा दिसू लागला. बोलणंही जपानी, इथे कुणाला कळायचं नाही. तरी मी एक नेम धरला होता. जेवढं माझ्यापाशी आहे, तेवढं दर वेळी पुरतं दाखवायचं. मधलं काही गाळायचं नाही.

ही १९९८ सालची गोष्ट. डोळखांबकडच्या एका आश्रमशाळेत शीतलबाईंनी आदल्या दिवाळीला मुलांना पहिला भाग दाखवला होता. तो संपतो तेव्हा मुलीचं यान मोडलेलं असतं आणि ती एका अंधाऱ्या ग्रहावर एकटीच राहते. सातवीतली सोमी त्यानंतर वर्षभर बाईंना विचारत राहिली, "बाई, ती घरी आली का नाय?" यंदा दिवाळी झाली की सोमी आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाणार होती. शाळेला सुट्टी लागण्याच्या दिवशी दुसरा भाग दाखवीन, असा बाईंनी तिला शब्द दिला आणि दुकानात येऊन, हरेशला आणि त्याच्या आईला सोमीचं सगळं सांगून, मला राखून ठेवायला सांगितलं.

त्याआधी खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघर कोयते, विळे, फाळ पुजतात. हरेशची आई हिराबाई मोठी भाविक. दुकानाची हत्यारं म्हणजे आम्ही कॅसेटी. तिने आम्हाला ओळीने पाटावर मांडलं. माझी पाळी आली तशी तिने कडेची कळ दाबून माझं झाकण वर केलं. "तोंड झाकून कुनी पूजा घेतं का गो?" असं मायेने म्हणत तिने चमकत्या फितीवरच ओलं हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. मागच्या गिऱ्हाइकाने मला परत फिरवून ठेवलं नव्हतं. त्यामुळे नेमका शेवटाकडचा भाग तोंडाशी होता.

पंधरा दिवसांनी, शाळेत जायच्या आदल्या सकाळी, हरेशने मला मशीनमध्ये घालून मागेपुढे फिरवून पाहिलं. हळद पसरत गेली. पडद्यावर नुसती मुंग्यांची रास.

"आये, काय केलंस हे! हळदीला बसवलीस का हिला?" तो ओरडला. "आता शेवटची दहा मिनिटं कापतो. पोरांना काय कळनार नाय."

"कापायची नाय," हिराबाई हळूच म्हणाली. "मी पुसते."

"चाळीस हात फीत हाये ती!"

"असू दे. सोमवारची कहाणी अर्धी टाकून मी कदी उठले का? शेवट ऐकल्याबिगर फळ नाय रे. ती शाळेतली पोर वरीसभर थांबलीय. लावलं मी, काढीन पन मी. त्या पोरीला शेवट दिसत नाय तवर अन्नाला शिवायची नाय."

हरेशने पाच स्क्रू काढून माझं पोट उघडलं. मऊ धोतराचा तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून हिराबाई उंबऱ्यापाशी उजेडात बसली. वीतभर फीत पुसायची, फुंकर घालायची, उजेडात धरून बघायची, मग पुढची वीत. मला भीती वाटत होती. फितीला एकदा घडी पडली की ती जन्मात निघत नाही. पण तिच्या हाताने एकदाही हिसडा दिला नाही. दुपारी हरेश चहा घेऊन आला. "चहा तरी घे, तो काय अन्न नाय."

"हात चिकट व्हतील," ती म्हणाली.

हरेश चहा बाजूला ठेवून समोर बसला आणि दुसरं चाक धरून फीत गुंडाळू लागला. दिवेलागणीला काम संपलं. एका अक्षतेने मात्र मला लांब ओरखडा पाडला होता. तो निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी हिराबाई मला मांडीवर घेऊन जीपने स्वतः शाळेत आली. मुलं टीव्हीसमोर दाटीने बसली होती.

"पयल्या भागात निळी व्हती, ही जांभळी कशी काय झाली रे?" सोमीशेजारच्या धाकलूने विचारलं.

"वरीसभर थंडीत व्हती ना येड्या!" सोमीने त्याला गप्प केलं.

शेवट जवळ आला. चित्र थरथरलं, आवाज गेला, मुंग्या दाटल्या. मनात म्हटलं, आता तुटले तरी चालेल, पण थांबायचं नाही. पडद्याच्या मधोमध त्या ओरखड्याची आडवी पांढरी रेघ आली. तिच्या मागे यानाचं दार उघडलं. जांभळ्या केसांची मुलगी पायऱ्या उतरली, आणि लांबून तिची आई धावत आली.

"आली! बाई, आली ती घरी!" सोमी ताडकन उभी राहिली.

हिराबाईने डोळे मिटून हात जोडले. मग सोमीला जवळ बसवून म्हणाली, "ती मधली रेघ माझी चूक हाये गो."

"ऱ्हाव दे आजी," सोमी म्हणाली. "तिच्याआडून दिसली ना ती."

मग शाळेच्या पंगतीत हिराबाई सोमीशेजारी बसून भात जेवली. दिवाळी सरली तशी सोमी भट्टीवर गेली.

पुढे चकत्यांचा, म्हणजे सीडींचा, जमाना आला. २००४ साली हरेशने सगळ्या कॅसेटी भंगारात घातल्या. मला हिराबाईने फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. मित्रांनो, तुमच्या चकत्यांवर निळे केस निळेच दिसतात, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण एखादी जुनी वस्तू बिघडली, तर लगेच कात्री शोधू नका. मऊ कापड घ्या, उजेडात बसा आणि वीत वीत पुसत जा. एखादी रेघ राहील. राहू द्या.