बुधला मुरेपर्यंत

प्रणालीने बाह्या वर सारल्या आणि काळ्या द्राक्षांनी भरलेल्या गंजात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. मुठीत येतील तेवढी द्राक्षं ती चुरडत होती. मागच्या दारातून सासू आत आली ती उंबऱ्यातच थबकली.

"तू त सकाळी बाहेरची झालो म्हनली."

"हो. हाय न बाहेरची."

"अन् हे काय करून राहिली व?"

"वाइन."

वाइनचं मनकर्णाबाईंना काही वाटलं नाही. त्यांच्या नवऱ्याने, नत्थुजींनी, तरुणपणी मोहाचीही रिचवली होती. त्यांना खटकले ते हात. तिवशाच्या त्या घरात देवघरापेक्षा लोणच्याच्या बरणीचं सोवळं कडक होतं. बाहेरचीचा हात लागला की लोणचं नासतं, ही गोष्ट मनकर्णाबाईंच्या सासूने त्यांना सांगितली होती आणि त्यांनी ती आयुष्यभर पाळली होती.

प्रणाली अकोल्याची. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात दिवसभर रंगांची तपासणी करायची. तिथे तिच्या सहीशिवाय ताग्यांना रंग चढत नसे. घरी आलं की मात्र महिन्यातले चार दिवस स्वतःच्या स्वयंपाकघरातलं पाणी नवऱ्याच्या हातून घ्यायचं. तिला संताप यायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि संताप काही मुरत नव्हता, उलट फसफसतच होता. म्हणूनच नागपूरच्या होस्टेलातल्या मेरीबाईंकडून शिकलेली वाइन करायला तिने मुद्दाम हाच दिवस धरला होता.

"नासन ते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अशा हातानं कालवलेलं टिकत नाई."

"अन् टिकलं त?"

"टिकतच नाई, त टिकलं त काय इचारतं?"

"तरी सांगा न आई."

मनकर्णाबाईंनी फळीवरच्या बरणीकडे पाहिलं. "टिकलं त ते बरनी तुह्या हाती. बारा महिने, ते चार दिवसही."

"अन् नासलं त मी चारही दिवस मागच्या खोलीत बसीन. एक शब्द बोलनार नाई."

"कवा पाह्यची मंग?"

"तीन-चार महिन्यानं पिता येते."

"तीन-चार महिने त काकडीचं लोनचंही टिकते. माह्यं आंब्याचं सालभर टिकते. तुह्यंही सालभर टिकू दे, मंग बोलू."

"सालभरच ठेवतो," प्रणाली म्हणाली. मेरीबाईही वर्षच सांगायच्या, पण ते तिने सासूला सांगितलं नाही.

फसफस थांबल्यावर तिने रस गाळला, अरुंद गळ्याच्या काचेच्या बुधल्यात काठोकाठ भरला, बूच लावून वर मेण ओतलं आणि बुधला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला. येणारीजाणारी बाई विचारायची, हे काय. मनकर्णाबाई सांगायच्या, "आमच्या सूनबाईची जिद्द."

मे महिन्यात प्रणाली धाकट्या बहिणीच्या, वर्षालीच्या, लग्नाला अकोल्याला गेली. तिथे पत्रे तापून घर भट्टी झालं होतं. हळदीच्या गर्दीत तिला एकदम आठवलं, उन्हाने वाइन बिघडते. बुधला कोपऱ्यात तसाच राहिला होता, आणि घरी फोन करून सासूची मदत मागणं तिच्या जिवावर आलं. तिने फोन केला नाही.

परत आली तेव्हा कोपरा रिकामा होता.

"आई, बुधला कुठी गेला?"

मनकर्णाबाई मागे पाणी भरत होत्या. प्रणालीचं डोकं भणाणलं. फेकला असणार, जिंकायचा सोपा मार्ग तोच. ती तणतणत न्हाणीकडे वळली आणि माठाजवळ थांबली. माठाच्या आडोशाला ओल्या वाळूने भरलेल्या घमेल्यात बुधला बसवला होता, आणि त्याभोवती गोणपाट गुंडाळलं होतं. गोणपाट ओलं होतं. मेण जसंच्या तसं होतं.

मनकर्णाबाई तांब्या घेऊन आल्या नि गोणपाटावर पाणी शिंपडायला लागल्या.

"उनानं नासली असती त तू म्हनली असती सासूनं नासवली," त्या म्हणाल्या. "मले जितायचं हाय, पन सरळ जितीन."

प्रणालीला हसू आलं, ते तिने गिळलं. पण त्या दिवसापासून सासूबद्दल तिला चीड कमी आणि धाक जास्त वाटू लागला.

पोळ्याला कुलदीपने, तिच्या नवऱ्याने, बुधल्याभोवती घुटमळून पाहिलं. "चमचाभर त दे न. मुरली का नाई कसं कळन?"

"तुमी अन् बोका, दोघंही दूर राहा," मनकर्णाबाईंनीच त्याला हाकललं.

गाड्यांवर पुन्हा काळी द्राक्षं आली. रविवारी सकाळी प्रणालीने बुधला काढून ओट्यावर ठेवला. कुलदीप तिच्या कानाशी लागला.

"तू त आज बाहेरची. दोन दिवस थांब न. काहून उगाच?"

"आजच," ती मोठ्याने म्हणाली, सासूला ऐकू जाईल अशी.

मनकर्णाबाईंना ऐकू गेलं. त्या पाटावरून उठल्या नाहीत. प्रणालीने मेण खरवडलं, बूच काढलं आणि पहिलं फुलपात्र त्यांच्यासमोर धरलं. मनकर्णाबाईंनी वास घेतला. एक घोट घेतला, तोंडात घोळवला. मग दुसरा घेतला.

"तुरट हाय," त्या म्हणाल्या.

"अन्?"

"नासली नाई."

नत्थुजी खाकरले. कुलदीपने आपलं फुलपात्र पुढे केलं, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. मनकर्णाबाई उठल्या, फळीवरची बरणी दोन्ही हातांनी उतरवली आणि प्रणालीपुढे ठेवली. तोंडावर फडकं तसंच बांधलेलं होतं.

"जेवाची येळ झाली. वाढ सगळ्यायले."

प्रणालीने फडक्याची गाठ सोडली, चमचा उचलला.

"थांब."

प्रणालीचा हात हवेतच राहिला. कुलदीपने मान खाली घातली.

"चमचा पुसून घे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ओला चमचा लागला का लोनचं नासते."